भित्र्या मास्तरांचा कच्चा टाका

आमच्या कामरगावच्या टेलर मास्तरांइतका भित्रा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं भिऊन भिऊन फुटबॉलवर प्रेम करणारा तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. हे मी उगाच म्हणत नाही. मास्तर विजेला भितात, म्हणून त्यांच्या शिलाई मशीनला आजही मोटर नाही. पाय मारून चालते. कुत्र्यांना भितात, म्हणून खिशात कायम बिस्किटांचे तुकडे ठेवतात, आणि त्या तुकड्यांपायी गावातली सगळी कुत्री त्यांच्याच मागे असतात. सरकारी लिफाफा आला तर तो दोन दिवस इस्त्रीखाली दाबून ठेवतात, जणू त्या वजनानं आतला मजकूर मवाळ होईल. अनोळखी नंबरचा फोन आला की आधी उठून उभे राहतात आणि मग उचलतात. दुकान बंद करताना तीन कुलपं लावतात, घराकडे निघतात, मशिदीच्या वळणापर्यंत जातात, आणि परत येऊन तिन्ही कुलपं ओढून बघतात. शेजारचा पानठेलेवाला त्यावर आपलं घड्याळ लावतो.

मी ज्या घरात वाढलो तिथे देवघराच्या जागी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. ‘भिऊ नका’ हे दोन शब्द मी बाराखडीच्या आधी वाचले असतील. त्यामुळे भित्र्या माणसांची मला चीड येते, आणि मास्तरांची सगळ्यात जास्त यायची, कारण ते माझे मित्र होते. रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी त्यांना समजावत असे, की मास्तर, जगातला प्रत्येक जुलूम भीतीच्या पायावर उभा आहे. मास्तर काज करता करता मान हलवत. “हाव भाऊ, बरोबर हाय तुमचं. पन जरा हळू बोला. समोरून पोलीस पाटील चालले.”

मास्तरांच्या दुकानासमोर वेल्डिंगचं दुकान आहे. ठिणगी उडून कापडाला आग लागेल या भीतीनं मास्तर दारात पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवतात. त्या वेल्डिंगच्या दुकानात गजू कामाला होता. गजू म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा नऊ नंबर, गोल मारणारा. वय चोवीस-पंचवीस, हातांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग, आणि धावताना डावीकडे असा झुकायचा की आता पडला असं वाटावं. पडायचा नाही. समोरचे पडायचे. एकदा त्यानं चेष्टेनं आवाज दिला, “मास्तर, ठिणगी आली व तुमच्याकडं!” मास्तरांनी डोळे मिटून बादली ओतली, ती नेमकी एका नवरदेवाच्या तयार कोटावर. नवरदेव ओल्या कोटात बोहल्यावर चढला आणि वऱ्हाडाला वाटलं, पोरगं लग्नाला घाबरून घामाघूम झालं. दुसऱ्या कुणी ही चेष्टा केली असती तर मास्तर आठ दिवस बोलले नसते. गजूला मात्र त्यांनी चहा पाजला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “नऊ नंबरवर कोन रागावते, भाऊ?”

आमच्या भागात सोयाबीन घरात आलं की फुटबॉलची लीग सुरू होते. वरच्या गटात रिसोड, कारंजा अशी मोठी गावं, खालच्या गटात बाकीची. वरच्या गटात जे दोन संघ तळाला राहतील ते पुढच्या वर्षी खाली. कामरगाव म्हणजे नुसतं मोठं खेडं, पण गजूच्या पायांवर आम्ही वरच्या गटात टिकून होतो. आणि या क्लबचे सेक्रेटरी होते आमचे मास्तर. कसे झाले? वीस वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये कुणीतरी त्यांचं नाव घेतलं आणि नाही म्हणायची त्यांना भीती वाटली. तेव्हापासून क्लबचा शिक्का बटणांच्या डब्यात राहतो. सही करायची म्हणजे तर मास्तरांचं धाबं दणाणतं. ते आधी पेन्सिलीनं सही करतात, दोन दिवस त्या कागदाकडे लांबून बघतात, आणि काही वाईट घडलं नाही तर मग तिच्यावरून पेन फिरवतात. “आधी कच्ची, मंग पक्की. कापडाचं तसंच, कागदाचंही तसंच.”

मॅच मास्तर पाहत नाहीत. ऐकतात. शाळेच्या मैदानाच्या कडेला सिमेंटचा बाक आहे, त्यावर ते मैदानाकडे पाठ करून बसतात. तोंडासमोर शाळेची भिंत, भिंतीवर रंगवलेले पाढे. वीस वर्षांत त्यांनी एकही गोल डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण एकोणतीसचा पाढा त्यांच्याइतका स्वच्छ गावात कुणाला येत नाही. बाकावर शेजारी, पण मैदानाकडे तोंड करून, मी. पाहायचं काम माझं, भिण्याचं त्यांचं.

“कोनाजवळ हाय?” ते भिंतीला विचारत.

“गजूजवळ.”

“मंग सांगू नका.”

“का हो? चांगलंच आहे की.”

“दुसऱ्याजवळ असला त जाईलच, हे मालूम असते. गजूजवळ असला का वाटते होईल. तवाच लय भेव लागते.”

मी यावर खूप वाद घातला आहे. आशेला भिणं म्हणजे पराभव आधीच कबूल करणं, असं एक झणझणीत वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं. मास्तर म्हणाले, “वाक्य चांगलं हाय. कोनाजवळ हाय आता?”

आता त्यांच्या कच्च्या टाक्याबद्दल सांगायला हवं. शिंपी मशीनची शिवण घालण्याआधी कापडाचे दोन भाग पांढऱ्या दोऱ्यानं हातानं लांब लांब टाके घालून नुसते धरून ठेवतो. तो कच्चा टाका. पक्की शिवण झाली की तो ओढून काढायचा. पण मास्तरांचा एक सिद्धांत होता. त्यांच्या दुकानात एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेले कपडे आहेत. शर्ट, सफारी, एक शेरवानीसुद्धा. कुणी पुण्याला गेला, कुणी सुरतेला, कुणी कुठे गेला तेच माहीत नाही. मास्तर पेटी उघडून दाखवत. “पाहा भाऊ. हे सारे पक्के हायत. बटन लागलेले, इस्त्री झालेली. म्हनून कोनी आलं नाही. ज्याचं काम अर्धं रायते तो मानूस रोज येते. शिव्या देते, पन येते. काम पुरं झालं का इसरते.” त्यामुळे ज्या माणसानं परत यावं असं त्यांना मनापासून वाटे, त्याच्या कपड्याच्या आतल्या बाजूला, खालच्या दुमडीत, दोन बोटं जागा ते कच्ची ठेवत. गजूच्या जर्सीवर दरवर्षी नऊ नंबर त्यांनीच शिवला आणि दरवर्षी दुमडीत तो पांढरा दोरा ठेवला. मी याला अंधश्रद्धा म्हणालो. नुसता म्हणालो नाही, त्यावर अर्धा तास बोललो. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तुमी मानत नाही न, मंग तुमचे कपडे मी पक्के करून देत जाईन.” आणि दिलेल्या शब्दाला ते जागले. माझा एकही शर्ट त्यांनी कधी कच्चा दिला नाही. मला त्याचा अभिमान होता.

गेल्या हंगामातली शेवटची मॅच रिसोडच्या संघाशी होती. आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली असती तरी आम्ही वर राहिलो असतो. त्या दिवशी मास्तरांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं असं त्यांच्या घरच्या, आमच्या चाची, सांगत होत्या. त्यांनी बाकावर बसताना खिशातलं बिस्किटसुद्धा कुत्र्याला दिलं नाही, नुसतं मुठीत धरून ठेवलं. सगळा वेळ बरोबरी होती. मला आठवतं, मीसुद्धा त्या दिवशी घाबरलो होतो. फक्त मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली. मास्तर पाढा म्हणत होते. “एकोणतीस साते दोनशे तीन...” तेवढ्यात रिसोडच्या कुणाचा तरी चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातांखालून हळूच आत गेला. जोरात नाही. एखादं मांजर दारातून आत यावं तसा.

आमचा गोल झाला की मैदान ओरडतं. समोरच्याचा झाला की त्यांची चार माणसं ओरडतात. त्या दिवशी त्यांच्या चार माणसांनाही विश्वास बसला नाही, आणि क्षणभर कुणीच ओरडलं नाही. मास्तरांचा पाढा थांबला.

“भाऊ, काय झालं?”

मी खरं बोलावं म्हणून लहानपणापासून मार खाल्लेला माणूस. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

“कोनाचा?”

मीही भिंतीकडे पाहायला लागलो.

“समजलं,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “गजू काय करून राह्यला?”

“मैदानात बसलाय. बुटाची नाडी सोडतोय.”

ही गोष्ट ऐकताच मास्तर पहिल्यांदा घाबरले असं मला वाटतं. त्याआधी जे होतं तो नुसता सराव होता. नाडी सोडणारा माणूस निघायच्या तयारीत असतो, हे ज्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना चपला घालून जाताना पाहिलं त्याला कळणारच.

आणि तसंच झालं. पंधरा दिवसांत नागपूरच्या एका मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. रिसोडच्या मॅचला त्यांचा कुणी माणूस आला होता. राहायची सोय, दोन वेळचं जेवण, आणि बाहेरगावच्या संघांशी खेळायला मिळणार. गावाचे दोन भाग झाले. अर्धे म्हणाले, बुडत्या जहाजातून पळाला. अर्धे म्हणाले, नशीब काढलं. पानठेल्यावर एकानं गजूसमोरच सुनावलं, “जाय बाबू, आमाले खाली ढकलून तू वर जाय.” मी तिथेच त्याला झापलं. माणूस म्हणजे कापडाचा तागा नाही, गावानं मोजून आपल्याकडे ठेवायला! खेळाडूवर कुणाची मालकी नसते! दोन-तीन टाळ्याही पडल्या. मास्तर दुकानाच्या दारात बादल्यांच्या मध्ये उभे राहून ऐकत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही.

क्लब बदलायचा तर जुन्या क्लबच्या सेक्रेटरीचं, आमची हरकत नाही, असं पत्र लागतं. सही-शिक्क्यानिशी. गजू ते घ्यायला दुकानात आला तेव्हा मी स्टुलावरच होतो. मास्तरांनी त्याला हजार गोष्टी विचारल्या. तिकडचं पाणी कसं हाय? रस्ता कोन्या बाजूनं वलांडायचा? मैदानावर खडे हायत काय? पायाले लागलं तर कोन पाहील? नागपूरच्या उन्हात मानसं भोवळ येऊन पडतात म्हने, खरं हाय काय? गजू हसत होता. “मास्तर, मी नागपूरले जाऊन राह्यलो, चंद्रावर नाही.”

“चंद्रावर गेला असता त दिसला तरी असता,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी खाली मान घालून सही केली, फुंकर मारली, आणि शिक्का असा दाणकन मारला की डब्यातली बटणं उडाली. मी मनात म्हटलं, वा! शेवटी भीतीवर मात केली माणसानं. गजूनं कागद घडी करून खिशात ठेवला, मास्तरांच्या पाया पडला आणि जर्सीची पिशवी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मास्तरांचा फोन वाजला. मास्तर उभे राहिले आणि त्यांनी फोन उचलला. गजू होता. इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही सगळं ऐकू येत होतं.

“मास्तर, तुमची सही पेन्सिलची हाय काय?”

मास्तर बटणांच्या डब्याकडे पाहू लागले.

“इथल्या सायबानं बोटानं घासली त पुसली गेली. त्याले वाटून राह्यलं का मीच केली. खोटी सही म्हंते. आज पाच वाजेलोक सेक्रेटरीनं सोता इथं येऊन सही केली त ठीक, नाही त नाव चढत नाही. मंग पुढच्या सालपावतर बसून राहा म्हंते.” मग त्याचा आवाज बारीक झाला. “वेल्डिंगवाल्यानं माह्या जागी दुसरा ठेवला, मास्तर. मी आता वापस येऊन करू काय?”

गजूला मी शेतातल्या सापासमोर उभं राहिलेलं पाहिलं आहे, दुप्पट उंचीच्या बॅकसमोर पाहिलं आहे. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फोन बंद झाला. मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“विसरलात?” मी विचारलं.

“इसरलो म्हनालो त खोटं होईल,” मास्तर म्हणाले. “कच्ची असली त एक डाव वापस येईल वाटलं. पक्की कराले. बस, एक डाव. असं होईन हे नोतं वाटलं, भाऊ.”

मला इतका संताप आला की स्टूल मागे पडलं. “म्हणजे भीती तुमची आणि भोगायचं त्यानं?” मी ओरडलो. “मास्तर, हा दोरा नाही, दोरखंड आहे! तुम्ही त्याला बांधून ठेवलंत!” रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. पोलीस पाटीलही त्यात असतील. मास्तरांनी मला हळू बोला म्हटलं नाही. त्यांनी बटणांच्या डब्यातून शिक्का काढला, शर्टाच्या खिशात घातला, आणि दुकानाचं दार ओढलं. तीनपैकी एकच कुलूप लावलं. “चला,” म्हणाले. मशिदीच्या वळणावरून ते मागे फिरले नाहीत. ते कुलूप ओढायला परत आले नाहीत म्हणून पानठेलेवाला काळजीनं आमच्या मागे दहा पावलं आला होता.

ज्या माणसानं कित्येक वर्षांत कारंज्याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, तो अमरावतीच्या गाडीत चढला. अमरावतीला नागपूरची गाडी लागलेलीच होती. पण मास्तरांचा नियम असा, की समोरच्या तीन रांगांत बसायचं नाही, टक्कर होते. मागच्या तीन रांगांत बसायचं नाही, उडायला होतं. आणि चाकावर तर मुळीच नाही. मधल्या जागा भरलेल्या होत्या. मी विनवलं, मी रागावलो, आणि या भांडणात गाडी निघून गेली. पुढची तासाभरानं. तो एक तास मी स्टँडवर येरझारा घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मला घड्याळाची भीती वाटली. पाच वाजता एक दार बंद होणार होतं आणि एक चोवीस वर्षांचा माणूस त्याच्या बाहेर राहणार होता, बिनकामाचा, खोट्या सहीचा ठपका घेऊन. त्या दिवशी मला कळलं, की दुसऱ्यासाठी वाटणारी भीती ही वेगळीच असते. तिच्याविरुद्ध आमच्या घरात एकही पत्रक निघालेलं नव्हतं.

दुसऱ्या गाडीत एकच बाक रिकामा होता. सगळ्यात पुढचा, ड्रायव्हरच्या बाजूचा. समोर नुसती काच. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते बसले. मात्र बसताना त्यांनी काचेकडे पाठ केली आणि गाडीतल्या माणसांकडे तोंड.

“सांगा भाऊ,” ते म्हणाले. “समोर काय हाय?”

“रस्ता आहे.”

“अन त्याच्यावर?”

“ट्रक आहे.”

“कोन्या बाजूनं येऊन राह्यला?”

“त्याच्याच बाजूनं. गेला. आता एक ट्रॅक्टर. आपण त्याच्या बाजूनं काढतोय... काढला.”

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “काहून वं बाप्पा, याले काय झालं?” मी म्हणालो, मॅच चालू आहे. घाट आला तेव्हा मास्तरांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला. कोंढाळीला गाडी थांबली तेव्हा सगळी माणसं चहाला उतरली, आम्ही दोघं उतरलो नाही. मी घड्याळ बघत होतो. मास्तर खिसा चाचपून बघत होते, शिक्का आहे ना. त्यांचा हात थरथरत होता. माझाही. पण माझा मी मांडीखाली घातला होता.

आम्ही त्या मैदानावर पोचलो तेव्हा पाचाला पंधरा मिनिटं कमी होती. गजू कचेरीच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. अंगात आमचीच नऊ नंबरची जर्सी. आम्हाला पाहून तो उठला. आतले साहेब सभ्य होते, फक्त कंटाळलेले होते. त्यांनी नवा कागद पुढे केला आणि पेन दिलं. मास्तरांनी पेन घेतलं, आणि सवयीनं त्यांचा दुसरा हात कानामागे गेला. तिथे त्यांची पेन्सिल असते. साहेबांनी मान वर केली. मी मास्तरांच्या कानामागची पेन्सिल काढून घ्यावी असं मला फार वाटलं, पण माझा हात मांडीखाली नसतानाही उचलेना.

मास्तरांनी पेन्सिलीला हात लावला, ती नीट बसवली, आणि मग थेट पेनानं सही केली. वीस वर्षांतली पहिली सही, जिच्याखाली पेन्सिल नव्हती. वाकडी आली, शेवटचं अक्षर तर रेषेच्या खाली उतरलं. मग त्यांनी शिक्का मारला, अगदी हळू. “सायब, याची काही चुकी नाही,” म्हणाले. “चुकी आमची हाय. हा मानूस सच्चा हाय.” साहेबांनी कागद फायलीत घातला आणि फायलीची नाडी ओढून बांधली. झालं.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर गजूला म्हणाले, “काढ थे जर्सी.”

“आता? इथी?”

“काढ म्हनलं न.”

गजू बनियनवर बसला. मास्तरांच्या कॉलरखाली कायम सुई अडकवलेली असते. त्यांनी जर्सी उलटी केली, दुमडीतला पांढरा दोरा शोधला, आणि दातांनी तोडून ओढून काढला. लांबलचक निघाला. मग निळा दोरा ओवला. सुईत दोरा ओवताना मात्र त्यांचा हात अजिबात थरथरला नाही.

“मास्तर, राहू द्या न व थे,” गजू म्हणाला. त्याला त्या टाक्याचं सगळं माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. “दरसाल असते. मले सवय झाली.”

“नाही. एवढ्या मोठ्या मैदानात कच्चं कापड घालून गेला त लोक मले नाव ठेवतीन.” मास्तर बारीक, जवळ जवळ, पक्के टाके घालत राहिले. शेवटी गाठ मारली, दोरा तोडला, आणि जर्सी नखानं दाबून सरळ केली. “घे. काम पुरं झालं. आता मन झालं त येजो. काम हाय म्हनून नोको येऊ.”

गजूला आत कुणीतरी हाक मारली. त्यानं जर्सी अंगात घातली. मास्तरांनी लगेच त्याच्याकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

“भाऊ,” त्यांनी मला विचारलं. “काय करून राह्यला?”

“उभा आहे. तुमच्याकडे बघतोय.”

“आता?”

“आता चालला. दारापर्यंत गेला. वळून बघतोय.”

“नाडी बांधली हाय काय त्यानं?”

“बांधलीय.”

“आता?”

“गेला आत.”

मास्तरांनी मान हलवली. हातातला तो पांढरा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला, आणि आम्ही स्टँडकडे निघालो.

या वर्षी आमचा क्लब खालच्या गटात खेळतो. आसेगावला मॅच असली की आम्ही जीपनं जातो आणि मास्तर तिथेही एखादी भिंत शोधून पाठ करून बसतात. नऊ नंबर कुणाला दिलेला नाही. मास्तर म्हणतात, तेवढं कापड उरलं नाही. गजूचा फोन येतो, पहिल्यांदा दर आठवड्याला यायचा, आता अधूनमधून येतो. तो तिकडे चांगला खेळतो आहे असं ऐकतो. गावाला तो अजून एकदाही आलेला नाही. मास्तरांच्या दुकानाला परत तीन कुलपं लागतात.

आणि उद्या मी पुण्याला निघालो आहे. तिथे एका छापखान्यात काम मिळालं आहे. घरच्यांना मी ठणकावून सांगितलं, यात भिण्यासारखं काही नाही. मास्तरांकडे दोन शर्ट शिवायला टाकले होते, ते काल आणले. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि दोन्ही शर्ट उलटे करून पाहिले. आतून, दुमडीतून, बाह्यांतून, कॉलरखालून. सगळीकडे बारीक, सरळ, पक्की शिवण. मास्तरांनी शब्द पाळला होता. कुठेही एक पांढरा दोरा नव्हता. मी खाटेवर बसलो, आणि मला त्या लोखंडी पेटीतली शेरवानी आठवली.

मी एक शर्ट घेऊन परत दुकानात गेलो. मास्तर काज करत होते.

“मास्तर, ही डावी बाही जरा लांब वाटते.”

त्यांनी शर्ट हातात घेतला, बाही बोटांनी मोजली. बाही बरोबर होती. त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघत होतो.

मास्तरांनी बाहीची शिवण दोन बोटं उसवली. पांढरा दोरा ओवला. तीन लांब टाके घातले आणि गाठ न मारता शर्ट घडी करून माझ्या हातात दिला.

“आता गडबड हाय, भाऊ,” ते म्हणाले. “वापस आले का करून देतो.”